काय म्हणाला डॉक्टर

९ फेब्रुवारी

भांडायचं तर नीट भांड ना. मी एवढंच म्हणालो, की रसायनाच्या पेपरात मार्क कमी आले तर आले, पुढच्या पेपराला जोर लाव, त्यासाठी तोंड पाडून बसायचं कारण नाही. यावर गाओनूचं उत्तर ठरलेलं असतं. "तू मला शिकवू नकोस दादा, तू तर बाबांशीही खोटं बोललास." वर्षानुवर्षं हेच चाललंय. मी भातात पाणी जास्त घातलं तरी ती फिरून त्याच जागी येते. मग मी माझं ठरलेलं बोलतो, दोघंही फोन आपटतो आणि दोन दिवसांनी काही झालंच नाही असं बोलायला लागतो. आज मी त्या वाक्यासाठी थांबलो. ते आलंच नाही. ती म्हणाली, "बरोबर आहे तुझं."

माझं बरोबर आहे असं ती जन्मात म्हणालेली नाही.

आणि बोलणं सगळं इंग्रजीत. मी इकडे अलास्कात आल्यापासून बघतोय, आमच्या ह्मोंग भाषेतला एक शब्द तिच्या तोंडून निघत नाही. मी आमच्या भाषेत विचारतो, ती इंग्रजीत उत्तर देते. आईशीसुद्धा तसंच, आणि आईला त्यातलं निम्मं कळत नाही. घरी, फ्रेझ्नोच्या कॉलेजात दुसरं वर्ष काय गाठलं, मडम झाली. डॉक्टरकीच्या कॉलेजाचं दार अजून चार हात लांब आहे. त्याआधी हे कॉलेज पुरं करायचं, रसायन पास व्हायचं, मग प्रवेशपरीक्षा. हे सगळं तिनंच मला समजावलं होतं, बोटांवर मोजून. आता मीच तिला आठवण करून देतो.

उद्यापासून फोन करणार नाही. तिला गरज असेल तर करेल.

१३ फेब्रुवारी

पोलॉक माशाच्या गाभोळीचे दिवस आले. इथं बेटावरच्या कारखान्यात पट्ट्यावरून मासा येतो, पोट आधीच चिरलेलं असतं, आपण फक्त हात घालून गाभोळीची जोडपिशवी अख्खी बाहेर काढायची. फाटली की भाव पडतो आणि मुकादम बाई मागे येऊन उभी राहते. बोलत काही नाही, नुसती उभी राहते.

ही तीच बाई, जिनं पहिल्या दिवशी माझ्या मनगटावरचे दोरे बघितले. निघताना आईनं बांधलेले, पांढरे, जीव अंगाला बांधलेला राहावा म्हणून. बाई म्हणाली, हातात काही चालत नाही, माशात जाईल. मी म्हणालो, हातमोज्याच्या आत राहतील. ती म्हणाली, घड्याळ नाही, अंगठी नाही, दोरा नाही. कात्रीही तिनंच दिली. दोरे पत्र्याच्या डबीत ठेवलेत. आपोआप गळून पडेपर्यंत काढायचे नसतात, पण आईला कुठं दिसतंय.

माझ्या शेजारी कुया रोमेल असतो. फिलिपिन्सचा. कुया म्हणजे त्यांच्यात दादा, इथं त्याला सगळेच कुया म्हणतात. त्याला सांगून टाकलंय की माझी बहीण डॉक्टर होणार आहे. तेव्हापासून तो मला गुडघा दाखवतो.

१९ फेब्रुवारी

मीच फोन केला. राहवलं नाही.

कॉलेजात एक सल्लागार बाई असतात, कुणी काय शिकावं ते सांगतात. गाओनू त्यांना भेटून आली होती.

"मग, काय म्हणाल्या?"

"म्हणाल्या, रसायनात सी ग्रेड आली आहे, तर दुसऱ्या वाटांचाही विचार कर."

"कुठल्या दुसऱ्या?"

"म्हणाल्या, तुला दोन भाषा येतात. हॉस्पिटलात दुभाषी म्हणून फार छान काम करशील."

"बघ. कौतुकच केलं की बाईंनी."

ती हसली. मग हसतच राहिली. मला वाटलं फोनमध्ये काही बिघाड झाला. मग म्हणाली, "ठेवते, दादा."

जेवताना रोमेलला विचारलं, की चांगली शिकणारी पोर एकदम कंटाळते कशी. तो म्हणाला, "ब्लोंग, पहिल्या वर्षी सगळी पोरं डॉक्टर असतात. माझ्या बहिणीचा मुलगा दोन वर्षं डॉक्टर होता. मग रसायन आलं. आता मोबाईलच्या दुकानात आहे, माझ्यापेक्षा जास्त कमावतो."

"माझी बहीण तशी नाही."

"माझी बहीणपण असंच म्हणायची. गुडघ्याचं विचारलंस का तिला?"

मी खूप विचार केला. पोरगा असेल म्हणावं तर ती सांगितल्याशिवाय राहत नाही, मागच्याचं सगळं सांगितलं होतं. वर्ग आवडत नसेल. चारशे पोरं एका हॉलमध्ये, शेजारची मुलगी वहीवर हात धरून लिहिते म्हणे, हिनं बघू नये म्हणून. पण ते तर पहिल्या वर्षीही होतं, तेव्हा ती त्याच्या नकला करून दाखवायची. शनिवारी हॉस्पिटलात फुकट काम करायला जायची, चादरी बदलायच्या, म्हाताऱ्यांना पाणी द्यायचं. पुढच्या अर्जात ते दाखवावं लागतं. तेही बंद आहे. का म्हणून विचारलं तर वेळ नाही.

आळस. दुसरं काही नाही.

२४ फेब्रुवारी

आज बर्फाच्या यंत्रापाशी होतो. मागून कुणीतरी विचारलं, "काय म्हणाला तो?"

मी फावडं न थांबवता म्हणालो, "काही नाही, बाबा."

मग वळलो. मागे रिकामी खोकी होती.

प्रश्न ह्मोंगमध्ये होता. या बेटावर माझ्याशिवाय ह्मोंग बोलणारं कुणी मला तरी भेटलेलं नाही. यंत्र जुनं आहे, खरखरतं. जास्तीचे तास घेतले की कान वाजतात, रोमेललाही वाजतात, त्याला कोंबडे ऐकू येतात. ओसाड जागी हाक आली तर ओ द्यायची नाही, असं आई लहानपणापासून सांगते. पण ही हाक नव्हती, प्रश्न होता. आणि जागा ओसाड नाही. दीडदोनशे माणसं काम करतात.

३ मार्च

आईचा फोन. तिच्या मागे टीव्ही चालू होता, म्हणजे गाओनू घरात नव्हती. हल्ली ती आली की आई टीव्ही बंद करते.

मी सहज विचारलं, "चेर पाओ आजोबांचा खोकला कसा आहे?"

"ते गेले."

"कधी?"

"तू गेल्यावर. थोड्याच दिवसांत."

चेर पाओ आजोबा आमच्याच कुळातले. मेलेल्याला वाट दाखवायला बांबूच्या नळ्यांचं वाद्य वाजवतात ते फ्रेझ्नोत त्यांच्याइतकं कुणाला येत नव्हतं. बाबांच्या वेळी दिवसभर तेच वाजवत होते, ओठ फुटेपर्यंत. नव्या वर्षाच्या मेळ्यात दिसले होते, खोकत होते, पण मला ओळखून चिडवलं होतं, की अजून लग्न नाही, पाय कुठंच टिकत नाहीत, मुली काय तुझ्यामागे पळत येणार का.

"मला का नाही सांगितलं? मयताच्या वर्गणीसाठीपण फोन आला नाही."

"आपण नव्हतो गेलो."

कुळातलं मरण, चार दिवस ढोल वाजतो, लोक दुसऱ्या राज्यांतून गाड्या हाकत येतात, आणि माझी आई तीन गल्ल्या ओलांडून गेली नाही.

"आई, का?"

"त्यांच्या सुनेनं येऊ नका म्हणून निरोप पाठवला."

"पण का?"

"तू जेवलास का, ब्लोंग?"

त्या सुनेचा स्वभाव पहिल्यापासून खवचट. आईचं तिच्याशी दुकानात काहीतरी वाजलं असणार. बायकांची भांडणं.

६ मार्च

परत ऐकू आलं. या वेळी जेवणाच्या खोलीत, ताट धुताना, नळ चालू असताना. मी नळ बंद केला.

रोमेल म्हणतो डकोटात तेलाच्या विहिरीवर चांगला पगार आहे. मी म्हणालो, तिथं होतो. मग म्हणाला, आयोवात टर्कीचा कारखाना. तिथंही होतो. "मग तू राहिलास कुठं, ब्लोंग?" मी म्हणालो, सगळीकडे राहिलोय. तो म्हणाला, "राहिलास म्हणजे निजलास. मी राहण्याबद्दल विचारतोय."

११ मार्च

वादळ. बोटी बंदरातच आहेत, मासा नाही, काम नाही. समुद्रसिंह धक्क्यावर पडून भुंकतायत. रिकामं बसलं की डोकं चालतं, म्हणून एकदाचं लिहून टाकतो. गाओनू जे मला ऐकवायची ते.

मी खोटं बोललो नाही.

मी तेव्हा आठवीत होतो. बाबांना इंग्रजी येत नव्हतं, आईला तर नाहीच. फ्रेझ्नोतल्या आमच्या सगळ्या घरांत हेच, जे पोर शाळेत जातं ते कागद वाचतं, बँकेत बोलतं, डॉक्टरकडे बोलतं. बाबांच्या वेळी मी गेलो. गाओनू बालवाडीत होती, ती बाहेर आईच्या मांडीवर.

डॉक्टर उंच होता, घाईत होता, पण वाईट नव्हता. खुर्ची ओढून माझ्यासमोर बसला. बाबांच्या नाही, माझ्या. यकृतात काय आहे ते त्यानं सांगितलं. त्या रोगाला आमच्या भाषेत काय म्हणतात ते मला माहीत नव्हतं. नंतर आईला विचारलं, तिलाही माहीत नव्हतं. मग त्यानं किती दिवस उरलेत ते सांगितलं. ते मात्र मला नीट कळलं.

बाबा म्हणाले, "काय म्हणाला तो?"

आता आमच्यात हे माणसाच्या तोंडावर बोलत नाहीत. बोललं की ते ऐकतं आणि येतं. माणूस मरणार आहे असं बोलायचंच झालं तर फिरवून बोलतात, तेही म्हातारी माणसं, कुळातली, ज्यांचा तो मान आहे. मी पोरगा. मी कुणाला मरण सांगणार? मी म्हणालो, डॉक्टर म्हणतो, भात खा, झोप काढा, दुपारचं रानात जाऊ नका.

बाबा खूष झाले. येताना त्यांनी मला बर्गर घेऊन दिला. भाड्याच्या रानात त्यांनी त्या वर्षी स्ट्रॉबेरीची नवी रोपं लावली, दुपार टाळून, सकाळी सकाळी. तोडणीला ते नव्हते.

गाओनूला हे मोठेपणी कळलं. तेव्हापासून ती म्हणायची, त्यांना माहीत असतं तर ते रोपं लावण्याऐवजी आपल्याजवळ बसले असते. माणसाला स्वतःचं मरण माहीत असण्याचा हक्क आहे. मी डॉक्टर होईन आणि आपल्या लोकांना आपल्या भाषेत खरं सांगेन. म्हणून तर हे सगळं. रसायनबिसायन सगळं त्यासाठी.

पुढल्या वर्षी मी शाळा सोडली. त्याचा याच्याशी संबंध नाही. मला कंटाळा आला होता.

१६ मार्च

गाओनूचा फोन आला, स्वतःहून. दुपारच्या सुट्टीत मी धक्क्यावर उभा होतो, हातात कॉफी.

"दादा, मी रसायन सोडतेय. या आठवड्यात नाव काढून घेता येतं."

मी काय काय बोललो ते लिहीत नाही. शेवटी म्हणालो, "तुला बाबांची काही पडली आहे का? कुणासाठी चाललंय हे सगळं?"

मग ती इंग्रजीत, अगदी सपाट आवाजात, पाठ केल्यासारखं सांगायला लागली.

जानेवारीत एका शनिवारी ती चादरी बदलत होती. डॉक्टरनं तिला बोलावलं. दुभाषी आला नव्हता, फोनवरचाही मिळत नव्हता, आणि खाटेवर ह्मोंग म्हातारा. तू ह्मोंग आहेस ना, जरा सांगतेस का त्यांना? ती गेली. चेर पाओ आजोबा होते.

"त्यांनी मला ओळखलं नाही. मास्क होता. डॉक्टर बोलत गेला, मी सांगत गेले. सगळं सांगितलं, दादा. एक शब्द गाळला नाही. मला वाटलं, हेच तर मला करायचं होतं. मला बरं वाटत होतं. सांगताना मला बरं वाटत होतं."

"मग?"

"मग त्यांनी विचारलं, 'तू कुणाची मुलगी?' मी बाबांचं नाव घेतलं. ते म्हणाले, 'त्याला वाट मी दाखवली. मला कोण दाखवणार, ते पण डॉक्टर सांगतो का?' आणि भिंतीकडे तोंड केलं. त्यानंतर ते जेवलेच नाहीत. पाणीही नको म्हणाले. डॉक्टरनं महिने सांगितले होते. आठवडासुद्धा काढला नाही त्यांनी."

समुद्रसिंह ओरडत होते, मला दुसरा कान झाकावा लागला.

"त्यांची सून आईला दुकानात म्हणाली, तुझ्या मुलीच्या तोंडात मरण आहे. आईनं तुला नाही सांगितलं?"

"नाही."

"वर्गात बसते तेव्हा फळ्यावरचं सगळं दिसतं. काही आत जात नाही. ह्मोंग बोलायला गेले की तो शब्द तोंडाशी येतो. कुठलंही वाक्य सुरू केलं तरी तोच."

मी तिला काय सांगणार? म्हणालो, म्हातारा माणूस, खोकला जुना, तुझ्यामुळे थोडाच गेला. म्हणालो, सुनेला मी फोन करून झापतो. ती नको म्हणाली. मग अचानक विचारलं, "बाबांना तू काय सांगितलंस? नेमके शब्द कोणते?"

झालं, आलं तेच भांडण, असं मला वाटलं. बरंही वाटलं. म्हणालो, "सांगितलंय की शंभर वेळा."

"तू मला इंग्रजीत सांगितलंयस. भांडताना आपण इंग्रजीत भांडतो. त्यांना जसं सांगितलंस तसं सांग."

मग मी आमच्या भाषेत म्हणालो, "डॉक्टर म्हणतो, भात खा. झोप काढा. दुपारचं रानात जाऊ नका."

तिनं ते म्हटलं. ह्मोंगमध्ये. हळू, लहान मुलाला वाचायला शिकवताना म्हणतात तसं. भात खा. झोप काढा. दुपारचं रानात जाऊ नका. परत एकदा म्हटलं. मग रडायला लागली.

मी विचारलं, "आता काय झालं?" तिनं सांगितलं नाही. कॉफी गार झाली होती. भोंगा वाजला म्हणून मी आत गेलो.

२१ मार्च

आईचा फोन. मला सगळं कळलंय हे तिला माहीत होतं, म्हणून सरळ मुद्द्यावर आली. पोरीचा जीव हॉस्पिटलातल्या त्या खोलीत दचकून पडला आहे, तो तिथंच राहिलाय, घरी आलेलाच नाही. त्याला हाक मारून आणावं लागेल, आणि हाक पडल्या जागी मारायची असते. जीवाला हाक मारणारी म्हातारी तयार आहे. हॉस्पिटलात उदबत्ती लावू देत नाहीत, कोंबड्या तर नाहीतच. मग असं ठरलंय, की गाओनू, आई आणि म्हातारी तिघी पाहुण्यांच्या वेळेत जाणार, त्या खोलीच्या दाराशी उभं राहायचं, भात आणि अंडं पिशवीत, हाक हळू आवाजात. मग तिथून लिफ्टनं खाली, गाडीत, घरापर्यंत दर वळणावर त्याला सांगत यायचं, की इकडे वळ, हे आपलं दुकान, हे आपलं दार. कोंबड्यांचं घरी.

"आणि ती तयार झाली? रसायनवाली?"

"तीच गाडी चालवणार आहे."

"मग परत कॉलेजात जाणार ना? डॉक्टरकीचं काय?"

"ते राहू दे बाजूला. आधी पोर घरी येऊ दे." मग म्हणाली, "तुझा एक सदरा पाठव. अंगातला. धुवू नकोस."

"माझा कशाला? मला काय झालंय?"

"काही नाही. पाठव."

कान वाजतात ते मी तिला मागे हसत हसत सांगितलं होतं, तेच तिनं धरून ठेवलं असेल. मी म्हणालो, आई, मी दोन माणसांची खोकी एकटा उचलतो. ती म्हणाली, हो, आणि मग कोंबड्यांचा भाव सांगितला. दोन जोड्यांचा. मी म्हणालो, एका माणसाला एक जोडी लागते, गाओनू एक आहे. आई म्हणाली, मला मोजता येतं.

जास्तीची जोडी जेवणाला असणार. आईला माणसं बोलावून खायला घालायची हौस आहे, आणि आता लोक परत यावेत असं तिला वाटत असेल. येतील की नाही कोण जाणे. दोन जोड्या एकदम घेतल्या तर स्वस्तही पडत असतील.

सदरा गुंडाळून पाकिटात घातला. माशाचा वास सगळ्या टपालभर होणार. पत्र्याच्या डबीतले दोरेही त्यातच टाकले, इथं उगाच जागा अडवतात. रोमेल बघत होता. म्हणाला, "आईला मळका सदरा पाठवतोस, लाज नाही वाटत?" मी म्हणालो, तिनंच मागितलाय. त्यानं पाकिटाला चिकटपट्टी लावून दिली, आणि गुडघ्याचं काही बोलला नाही.

गाओनूच्या प्रवेशपरीक्षेच्या शिकवणीसाठी बाजूला ठेवले होते ते पैसे, या महिन्याचे नेहमीचे, आणि दोन जोड्यांचे. शिकवणीच्या पैशांचं काय करायचं ते तिचं तिनं ठरवावं, मी विचारणार नाही. आईच्या नावावर आज पाठवले, नऊशे साठ डॉलर.